विंगेतल्या पाच पायऱ्यांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय पाच पायऱ्या,
डावी विंग, राज्यातली बहुतेक नाट्यगृहे

विषय : अखंड, विनामोबदला व विनातक्रार सेवेची नोंद घेण्याबाबत



मराठी नाट्यगृहातला रंगमंच प्रेक्षागृहाच्या जमिनीपेक्षा साधारण ९० सेंटीमीटर उंच असतो. तेवढे चढायला १८ सेंटीमीटरच्या पाच पायऱ्या पुरतात. त्या बहुधा विंगेत, काळ्या पडद्याआड असतात आणि त्यांना कठडा असला तर एकाच बाजूला असतो. उद्घाटनाला त्यांच्यावर कोणी फीत बांधत नाही, वास्तुविशारदाच्या भाषणात त्यांचे नाव येत नाही. तरीही कोण नट होणार आणि कोण जन्मभर प्रेक्षक राहणार, याचा निवाडा या पायऱ्यांनी कोणत्याही नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेपेक्षा चोख केला आहे. सबब त्यांच्या सेवेची नोंद घेणे क्रमप्राप्त आहे.

मुख्य दाराशी असलेल्या थोरल्या पायऱ्यांचे दिवस मात्र फिरले. त्यांच्या शेजारी रॅम्प आला. रॅम्पचा हिशेब सोपा असतो: जेवढी उंची, त्याच्या बारापट लांबी. त्याहून तीव्र उतार झाला तर चाकाची खुर्ची वर ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना खुर्चीच माणसाला घेऊन जाते. कागदावर हा हिशेब बरोबर असतो. प्रत्यक्षात रॅम्पवर दुचाकी लावलेल्या असतात, गेल्या प्रयोगाचे फ्लेक्स टेकवून ठेवलेले असतात आणि वरच्या टोकाला सरकते लोखंडी दार असते. दाराला कुलूप, किल्ली पहारेकऱ्याकडे, पहारेकरी चहाला. तरी रॅम्प आहे, हे मान्य करावे लागते.

पण तो प्रेक्षकासाठी आहे. दिव्यांग माणूस नाटक बघायला येईल इथवर व्यवस्थेची कल्पनाशक्ती पोचली. तो नाटक करायला येईल, हे तिच्या स्वप्नातही नाही. म्हणून विंगेतल्या पायऱ्यांना कोणी हात लावलेला नाही. सत्काराच्या कार्यक्रमात याचे प्रात्यक्षिक नेहमी पाहायला मिळते. निवेदक नाव पुकारतो, चाकाच्या खुर्चीतला कलाकार पहिल्या रांगेसमोर येतो आणि थांबतो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. चार कार्यकर्ते खुर्चीसकट त्याला उचलून वर नेतात आणि सभागृह टाळ्यांचा कडकडाट करते. नाहीतर प्रमुख पाहुणे स्वतः शाल आणि नारळ घेऊन खाली उतरतात आणि सभागृह आणखी जोरात टाळ्या वाजवते. पहिल्या प्रकारात उचलणाऱ्यांचे कौतुक होते, दुसऱ्यात उतरणाऱ्याचे. हे भाग्य ज्या पायऱ्यांमुळे लाभते त्यांचा आभारप्रदर्शनात उल्लेख राहून जातो.

या बाबतीत मराठी पायऱ्यांनी एकटे वाटून घेण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये सुमारे सहा हजार आसने आहेत. तिथे २०१९ साली टोनी पुरस्कार सोहळा झाला. 'ओक्लाहोमा!' या संगीतिकेसाठी ॲली स्ट्रोकर यांना पुरस्कार मिळाला; चाकाची खुर्ची वापरणाऱ्या कलाकाराला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. प्रेक्षागृहातून रंगमंचावर जाणारा रॅम्प नसल्याने त्यांना विंगेत थांबून आपले नाव ऐकावे लागले. पुढे त्याच संगीतिकेला उत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा सगळा संच वर गेला, त्या मात्र जाऊ शकल्या नाहीत. ब्रॉडवेच्या तिजोरीतही उताराला पैसे निघाले नाहीत, तर नगरपालिकेच्या नाट्यगृहाला बोल लावण्यात अर्थ नाही, असे पायऱ्यांचे वकील म्हणू शकतील.

वकिलांचा विषय निघालाच आहे, तर कायद्याकडेही पाहणे बरे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संस्कृती आणि मनोरंजनासाठी कलम २९ आहे. दिव्यांग कलाकारांना सुविधा आणि आर्थिक पाठबळ द्यावे, कला त्यांच्या आवाक्यात आणावी, कलाविषयक अभ्यासक्रम त्यांना भाग घेता येईल असे बदलावेत, एवढे त्यात सरळ लिहिलेले आहे. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतींना सुगम होण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षे मिळाली. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पायऱ्या शाबूत आहेत. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. नव्या नाटकाच्या एका रंगीत जाहिरातीला याहून जास्त लागतात.

पायऱ्यांचा सर्वांत मोठा आधार होता या नियमांमधला पंधरावा. त्यातली मानके बंधनकारक न राहता सल्ल्याच्या दर्जाला उतरली होती, आणि सल्ला ऐकून घेऊन विसरण्यात सार्वजनिक बांधकामाचा हात कोणी धरणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवायला सरकारला सांगितले. सिनेमागृहांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२४ मध्ये आली. अंधांसाठी ध्वनिवर्णन आणि कर्णबधिरांसाठी पडद्यावरचे मथळे हा त्यांचा विषय आहे. नाटक त्यात नाही. नाटकवाल्यांनी याबद्दल निषेधसभा घेतल्याचे ऐकिवात नाही.

दिव्यांगत्वाला मराठी रंगभूमीने मज्जाव केला, असे मात्र म्हणता येणार नाही. विषय म्हणून त्याला कायम पहिल्या रांगेचे आमंत्रण असते. जयवंत दळवींचे 'नातीगोती' मतिमंद मुलाच्या घरात घडते. 'चौकट राजा' (१९९१) या चित्रपटातला नंदू मराठी प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत. या कलाकृती मनापासून केलेल्या आहेत आणि त्यातला अभिनय थोर आहे, यात वाद नाही. फार्समधला बहिरा, तोतरा, तिरळा यांचे खाते वेगळे. दुसऱ्या अंकात गाडी अडली की त्यांना बोलावले जाते. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: दिव्यांग माणसाची भूमिका धडधाकट नट करतो आणि हुबेहूब केली म्हणून बक्षीस घेतो. २०१४ च्या 'यलो' चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारात त्यांचा विशेष उल्लेख झाला. हा रस्ता मोकळा आहे हे तेव्हा सिद्ध झाले. त्यावर रहदारी अजून सुरू व्हायची आहे.

पायऱ्यांना चकवून वर गेलेल्यांची यादी लहान असली तरी भारदस्त आहे. सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर फूट बसवून त्या पुन्हा भरतनाट्यम करू लागल्या. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी 'स्वातंत्र्याची यशोगाथा' ८८ अंध कलाकारांना घेऊन उभी केली आणि पुढे 'अपूर्व मेघदूत' १९ अंध कलाकारांसह बसवले. 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिकही त्यांनीच २००८ मध्ये सुरू केले. अंध नटाची तालीम पाहण्यासारखी असते. प्रवेशाची जागा पावले मोजून ठरते, रंगमंचाची कड तळव्याला चटईच्या काठावरून कळते, सहकलाकार कुठे आणि किती अंतरावर आहे हे त्याच्या आवाजावरून. त्यामुळे संवाद चुकीच्या जागेवरून म्हटला तर समोरचा नटही चुकतो. डोळस नटांच्या तालमीत 'जागा धर' म्हणून दिग्दर्शक घसा फोडतो ती शिस्त इथे गरजेपोटी आपोआप येते. कर्णबधिर नर्तकांना ताल लाकडी तख्ताच्या कंपनातून कळतो आणि विंगेत उभ्या गुरूच्या हातांवरून. बाहेरून हे चमत्कारासारखे दिसते. प्रत्यक्षात ती मेहनत आहे, आणि मेहनतीला तालमीचे जास्त दिवस व त्या दिवसांचे पैसे लागतात.

इथे समीक्षकही पायऱ्यांच्या मदतीला येतो. दिव्यांग कलाकारांच्या प्रयोगाविषयी लिहिताना त्याच्या लेखणीतून 'प्रेरणादायी' हे एकच विशेषण उतरते. संहिता पसरट होती का, दुसरा अंक रेंगाळला का, गायक बेसूर होता का, याबद्दल सौजन्याने मौन. ज्याच्या कामातली चूक दाखवली जात नाही त्याला पुढचे काम व्यावसायिक दराने मिळत नाही. पुढच्या जागतिक दिव्यांग दिनाला, ३ डिसेंबरला, पुन्हा बोलावणे येते, एवढेच. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धांमध्ये दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही होते, ही चांगली गोष्ट आहे. त्यात चमकलेले मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कोणत्या स्पर्धेत जाणार, याचे उत्तर मात्र पायऱ्यांनाच विचारावे लागेल.

प्रेक्षागृहातली कामे तुलनेने सोपी आहेत आणि बऱ्याच देशांत ती नित्याची झाली आहेत. ध्वनिवर्णनाची पद्धत १९८१ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजमध्ये मार्गारेट आणि कोडी फानस्टील या दांपत्याने रुळवली. वर्णन करणारा बंद खोलीतून प्रयोग पाहतो आणि संवादांच्या मधल्या विरामांत, काय दिसते ते थोडक्यात सांगतो. अंध प्रेक्षकाच्या कानात ते ऐकू येते. मराठी फार्सला हे जड जाईल. नट चुकून दुसऱ्याची टोपी घालतो, हशा उसळतो, आणि वर्णन मागाहून आले तर अंध प्रेक्षक सगळे गप्प झाल्यावर एकटाच हसतो. म्हणून वर्णन करणाऱ्याला नाटक पाठ हवे आणि टोपी उचलली जाण्याआधीच ती सांगितलेली हवी. हे कसब मराठीला नवे नाही. आकाशवाणीच्या नभोनाट्यकारांनी दार, जिना, पाऊस आणि नजरानजर केवळ कानातून दाखवली. ती माणसे आणि ती शाळा हाताशी असताना नाट्यगृहाला मात्र 'हे आपल्याकडे कसे होणार' असा प्रश्न पडतो.

भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची अडचण वेगळी आहे. तो कडेला उभा असतो आणि दिग्दर्शकाने अंधार केला की त्याचे हात अदृश्य होतात. त्याच्यासाठी वेगळा मंद दिवा ठेवावा लागतो, त्याला संहिता आधी द्यावी लागते आणि कर्णबधिर प्रेक्षकांना त्याच बाजूच्या खुर्च्या द्याव्या लागतात. मथळ्यांना तर यंत्रही नवे नको. महोत्सवात मराठी नाटक परभाषकांपुढे होते तेव्हा वरच्या पट्टीवर इंग्रजी भाषांतर दिसते. त्याच पट्टीवर मराठी संवाद दाखवले की काम झाले. स्वमग्न मुलांसाठी इंग्लंडमध्ये सैलसर प्रयोग होतात: दिवे पूर्ण मालवायचे नाहीत, आवाज कमी ठेवायचा, मधे उठून गेले किंवा ओरडले तरी कोणी डोळे वटारायचे नाहीत. आपल्याकडे काही नाट्यगृहांत काचेमागची रडणाऱ्या बाळांची खोली आहे, म्हणजे तत्त्व मान्य आहे. फक्त काच काढायची आहे.

लंडनची ग्रेआय ही १९८० मध्ये स्थापन झालेली नाटक कंपनी याच्याही पुढे गेली. दिव्यांग कलाकारांची ही संस्था मथळे, वर्णन आणि सांकेतिक भाषा संहितेतच गुंफते. तिच्या दिग्दर्शिका जेनी सीली स्वतः कर्णबधिर आहेत आणि २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याच्या त्या सहदिग्दर्शिका होत्या. जवळचे उदाहरण हवे असेल तर जानेवारी २०२३ मध्ये पणजीत झालेला दिव्यांगांचा पर्पल फेस्ट पाहावा. गोव्याच्या राज्य दिव्यांगजन आयुक्तालयाने तो भरवला होता आणि त्यात दिव्यांगांनी नुसते बसायचे नव्हते.

जुन्या करमणुकीला या पायऱ्यांची फारशी गरज नव्हती. कनातीतला तमाशा सपाट जमिनीवर व्हायचा, भारूड पारासमोर, कीर्तन देवळाच्या सभामंडपात. अंध कीर्तनकार ही तर गावोगावची ओळखीची गोष्ट होती. पैठणचा कूर्मदास हातपाय नसताना सरपटत पंढरीला निघाला, लऊळपर्यंत पोचला आणि पुढे सरकेना, तेव्हा विठ्ठल स्वतः तिथवर आला, अशी कथा आहे. देवस्थानाने कूर्मदासाला चार कार्यकर्ते पाठवले असा उल्लेख कुठे सापडत नाही. आजच्या गणेशोत्सवात मात्र मांडवाचे स्टेज दरवर्षी उंच होते, लोखंडी शिडी उभी होते आणि ध्वनिवर्धकांची भिंत श्रवणयंत्र वापरणाऱ्याला दोन गल्ल्या अलीकडेच परत पाठवते.

तूर्त पायऱ्यांच्या निवृत्तीचा खर्च असा: ९० सेंटीमीटर उंचीला सुमारे अकरा मीटर उतार, मधे एक सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना कठडा. विंगेत एवढी जागा नसेल तर उभी उचलणारी छोटी लिफ्ट. मेकअपच्या खोलीचे दार रुंद आणि आत वापरता येईल असे स्वच्छतागृह, कारण नट रंगमंचावर पोचला आणि कपडे बदलायला जागा नाही, तर प्रयोग होत नाही. नव्या नाट्यगृहाचा नकाशा नियमांत बसत नसेल तर कलम ४४ प्रमाणे त्याला परवानगी देता येत नाही, आणि नियम न पाळता उभ्या राहिलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही मिळू शकत नाही. आपल्या गावात नाट्यगृह बांधले जात असेल तर वाचकांनी नगरपालिकेत जाऊन नकाशा मागावा आणि रंगमंचावर चाकाची खुर्ची कुठून चढते, ते बोट ठेवून दाखवायला सांगावे. बोटाला जागा सापडली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे, आणि साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत.