गरीब बिचारे पॅकर्स

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'छोट्या बाजारपेठेचा संघ' म्हटलं की ग्रीन बे पॅकर्सचं नाव आधी निघतं आणि बोलणाऱ्याचा गळा दाटून येतो. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं गाव. वस्ती जेमतेम 1 लाख 7 हजार. मैदानात मात्र 81 हजार माणसं बसतात. म्हणजे सामन्याच्या दिवशी तान्ही बाळं आणि अंथरुणाला खिळलेले तेवढे घरी राहत असावेत! खरं तर प्रेक्षक येतात अख्ख्या राज्यातून. 1994 पर्यंत पॅकर्स काही घरचे सामने याच राज्यातल्या मिलवॉकी शहरात खेळत. हंगामाची तिकिटं 1960 पासून संपलेली आहेत आणि प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावं आहेत. पोर जन्मलं की आधी या यादीत, मग पाळण्यात.

शिवाय संघाचे मालक म्हणजे भागधारक, आणि ते पाच लाखांवर. 2021 च्या विक्रीत एक शेअर 300 डॉलरला गेला. लाभांश शून्य, बाजारात विकायची सोय नाही. आपल्याकडच्या पतसंस्थेनं असं केलं असतं, तर सभासदांनी वार्षिक सभेत अध्यक्षाला घेराव घातला असता. इथे लोक तो कागद चौकटीत लावून भिंतीवर टांगतात.

आणि हो, राष्ट्रीय प्रक्षेपण वगैरेंच्या सामायिक उत्पन्नाचा पैसा लीग 32 संघांना समान वाटते. न्यूयॉर्कवाल्यांना जेवढा, तेवढाच या गरिबांना: अलीकडे वर्षाला 40 कोटी डॉलरच्या वर. त्यात पॅकर्सची विजेतेपदं 13; लीगमध्ये सर्वाधिक.

गाव छोटं, मान्य. बाजारही छोटा म्हणणाऱ्यांनी आधी त्या यादीत नाव घालावं आणि नातवंडांना सांगून ठेवावं.