कु. आणि कै.

डीटीपीवाला कधी निवृत्त होत नाही, त्याचं सॉफ्टवेअर निवृत्त होतं. पेजमेकर गेलं तसा मीही घरी बसलो. तेवढ्यात भाच्याने कोथरूडात वेबसाइट काढली. तिच्यावर कागदपत्रांचे तयार नमुने मिळतात. लग्नाचा बायोडेटा, घराचा भाडेकरार, रजेचा अर्ज, सोसायटीची नोटीस. आपण रकाने भरायचे, शेवटचं बटण दाबायचं, की पीडीएफ हातात. "मामा, मराठीचं तुम्ही बघा," तो म्हणाला. तेव्हापासून मी अख्ख्या ऑफिसचाच मामा आहे. तिथे रोज सकाळी उभ्याने मीटिंग होते. उभ्याने घेतली की लवकर आटोपते, असं म्हणतात. गुडघ्यांमुळे मला बसायची सवलत आहे, आणि त्यामुळेच ती लांबते असा प्रवाद आहे.

या दिवाळीच्या आत साइटला नवीन फीचर्स द्यायची ठरली. मला मुळात हा धंदाच नवा वाटत नव्हता. लग्नपत्रिकांच्या दुकानात नंबर घालून नमुने डकवलेला जाडजूड अल्बम असतो, वधूपिता त्याची पहिली चार पानं बघतो, किंमत विचारतो आणि मग अल्बम मागच्या बाजूने उघडतो, ती आमचीच वेबसाइट. कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर मांडून बसणाऱ्याच्या तर बोटांतच सगळे नमुने असायचे. पक्षकार बोलायला तोंड उघडेपर्यंत 'वरील विषयास अनुसरून' कागदावर उमटलेलं असे. त्याच्याही मागे जायचं तर कोणाला कोणता मायना लिहायचा हे शिकवणारी मेस्तकं होती, ती हेमाडपंताच्या नावावर सांगतात. म्हणजे आमची साखळी थेट देवगिरीच्या यादवांपर्यंत. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं. भाचा म्हणाला, "मामा, त्यांचं ॲप नव्हतं."

आमची डिझाइनर पोरगी हुशार आहे. तिने नवा बायोडेटा केला. गोलात फोटो, बारीक अक्षरात नाव, आणि उजवीकडे पाऊण पान कोरं.

"हे काय राहिलंय?"

"व्हाइट स्पेस, मामा. डोळ्यांना श्वास घेता येतो."

मराठी बायोडेटा डोळ्यांनी श्वास घ्यायला कोणी उघडत नाही. सर्वांत वर गणपती. मग नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, रक्तगट, उंची, शिक्षण, नोकरी. मग वडील, आई, भाऊ, भावाचं लग्न झालं असल्यास तसं, बहीण, जावई काय करतात, मामा कुठले. शेवटी 'नातेसंबंध' म्हणून दहा-बारा आडनावांची माळ. आणि हा सगळा संसार ए-फोर कागदावर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरमध्ये. दुसरं पान चालत नाही. व्हॉट्सॲपवर ते कोणी उघडत नाही, आणि नेमके मामा त्यावर जातात. मामा दुसऱ्या पानावर गेले की लग्नात रुसतात, हे मी मामा या नात्याने सांगू शकतो.

तरी तो कोरा नमुना साइटवर चढला. तिसऱ्या दिवशी साताऱ्याकडून एका काकूंचा फोन. "अहो, तुमच्या त्या बायोडेटात उजवीकडे जागा वाया गेलीय. तिथं आमची शेती बसंल का?"

"किती आहे?"

"साडेतीन एकर. बागायती."

बसली. विहिरीसकट बसली.

त्यानंतर अक्षरांमधलं अंतर वाढवायची सरकपट्टी आली. इंग्रजी नाव असं ऐसपैस पसरलं की श्रीमंत दिसतं, हे खरं आहे. तीच पट्टी मराठी नावावर सरकवली आणि शिरोरेघ तटातट तुटली. प्रत्येक अक्षर आपापली फळी डोक्यावर घेऊन वेगळं उभं. एकत्र कुटुंबाच्या वाटण्या झाल्यासारखं ते नाव दिसायला लागलं. ओळी जवळ आणायच्या पट्टीने 'तीर्थरूप'चा रफार वरच्या ओळीतल्या उकाराच्या पोटात घुसला. आणि सगळी अक्षरं कॅपिटल करायचं जे बटण होतं, ते मराठीत दाबलं तर काहीच होत नाही. होणार काय? तरी एका गृहस्थांनी ते पुन्हापुन्हा दाबून 'बटण नादुरुस्त आहे' अशी तक्रार नोंदवली, तीही आमच्याच साइटवरचा तक्रारअर्जाचा नमुना वापरून.

एका गोष्टीत मात्र मी हटून बसलो. नव्या फॉन्टमधला ल हिंदी वळणाचा येत होता, उभ्या दांड्याचा. पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असा शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्णयच काढलाय. भाच्याने विचारलं, "किती लोकांच्या लक्षात येईल?" मी म्हटलं, "मराठीच्या बाईंच्या." त्याच्या शाळेतल्या मराठीच्या बाई त्याला अजून स्वप्नात येतात, हे मला ताईकडून माहीत होतं. दोन दिवस नवा फॉन्ट शोधण्यात गेले. शेवटी प्रोग्रामरला सापडलं, की पानाच्या पोटात कुठेतरी भाषा म्हणून 'हिंदी' लिहिलेलं आहे. तिथली दोन अक्षरं बदलून त्याने 'मराठी' केली आणि पान पुन्हा उघडलं. ल आपोआप पाकळ्यांचा झाला. फॉन्टला बिचाऱ्याला आधीपासून मराठी येत होतं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मी त्या आनंदात सगळ्यांना वडापाव दिला.

आणि मग उपाधीचा रकाना.

पूर्वी लोक नावाआधी काय लावायचं ते हाताने टाइप करत. नवीन फीचर म्हणून तयार यादी द्यायची ठरली: टोचलं की उघडते, हवं ते निवडा. यादी मी दिली, मानपान बघून लावलेली. प्रोग्रामरने ती अकारविल्हे केली, कारण ते 'लॉजिकल' असतं. आता ती अशी दिसायला लागली: कु., कै., ग.भा., चि., चि. सौ. कां., डॉ., श्री., श्रीमती, सौ.

बाराखडीत कु आणि कै यांच्यामध्ये दोनच अक्षरं. आयुष्यात त्यांच्यामध्ये पुष्कळ काही असावं अशी अपेक्षा असते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र एका अंगठ्याचीही जागा नव्हती.

ज्या वडिलांच्या अंगठ्याने हे घडवलं, ते चष्मा न लावता बायोडेटा भरत होते. भरला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. फोटो हसरा, वय सव्वीस, अपेक्षा 'निर्व्यसनी', आणि नावाआधी कै. फाइल उघडायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. फोटो आणि पहिली ओळ दिसली, तेवढी पुरली. नाशिकच्या आत्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्याखाली तिघांनी हात जोडले. चौथ्याने विचारलं, "कधी? काही कळवलं नाही." मुलगी त्याच ग्रुपवर होती. ती त्या वेळी ऑफिसच्या कँटीनमध्ये डोसा खात होती. तिने लिहिलं, "आत्या, मी आहे." त्यालाही दोघांनी हात जोडले.

दुपारी वडिलांचा फोन आला. मराठीचं मी बघतो, म्हणून तो मलाच दिला गेला. पुढची दहा मिनिटं मी फक्त "हो साहेब" म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळे उभे, मी बसलेला. कै. यादीत सर्वांत खाली टाका, असं ठरलं. मग लक्षात आलं की आता ते सौ.च्या शेजारी आलं. वर नेलं तर ज्याच्या शेजारी जाईल त्याच्यावर संक्रांत. "डॉ.च्या बाजूला ठेवा, त्यांना सवय असते," कोणीतरी म्हणालं. तो विनोद होता हे कळायला भाच्याला वेळ लागला, तोवर त्याने ते लिहून घेतलं होतं. अखेर चौकट टाकली. कै. निवडलं की साइट विचारणार: 'ही व्यक्ती हयात नाही. आपली खात्री आहे?'

आठवड्याभरात पत्र आलं. एका नातवाने लग्नपत्रिकेत आजोबा, पणजोबा आणि दोन्ही आज्या भरल्या होत्या, आणि चारही वेळा त्याला चौकट आडवी आली होती. 'आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. आम्ही स्वतः पोचवून आलो. तुम्हाला अजून खात्री नाही?'

तेव्हा मी म्हणालो, "ज्याचं लग्न जमवायचंय, त्याच्या रकान्यात कै. ठेवता कशाला?" शांतता पसरली. ते फीचर त्याच संध्याकाळी चढलं. भाडेकराराच्या यादीतूनही कै. काढायला लावलं, एक घरमालक तिथे अकारण वारले होते आणि सहीला मात्र स्वतः येणार होते.

गेल्या महिन्यात मेहुणीच्या मुलीचा बायोडेटा छापायचा होता. मी आमचाच नमुना घेतला, डिझाइनर पोरीचा, कोरी जागा अगदी तशीच ठेवून. म्हटलं, घरचं तरी नीट जाऊ दे. बायको बरोबर होती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने फाइल उघडली आणि मान वाकडी केली. "काका, इकडं रिकामं राहिलंय." मी तोंड उघडायच्या आत त्याने मजकूर ओढून मोठा केला, वर लाल गणपती बसवला, चारी कोपऱ्यांत गुलाब लावले आणि भोवती सोनेरी चौकट फिरवली. माउस त्याने सातेक वेळा हलवला असेल. दोन वर्षांत आम्ही एवढं काम केलेलं नाही.

"पन्नास रुपये. डिझाइनचे वेगळे घेत नाही."

"आता कसं बायोडेट्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली.

मी त्याचा फोटो काढून डिझाइनर पोरीला पाठवला, जरा चिडवायला म्हणून. रात्रभर उत्तर नाही. वाटलं, लागलं तिला. सोमवारी सकाळी सगळे उभे असताना ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "मामा, तो गणपती त्याने कुठून घेतला, तेवढं विचाराल का?"