मु. पो. व्हॅनखाली

श्री. रा. रा. आमचे हे,
मु. पो. व्हॅनखाली, पोर्चशेजारी, कोल्हापूर यांस,

सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहिते आहे, कारण पाकिटातलं तुम्ही वाचणार नाही, त्यावर नट ठेवाल. मागच्या महिन्यात लाइटबिलावर ठेवलेले सहा नट अजून तिथंच आहेत आणि बिलाची तारीख कधीच गेली. म्हणून हे फाटकाला चिकटवते आहे. येणारे-जाणारे वाचतील, आणि त्यांच्यातलं कुणीतरी वाकून तुम्हाला सांगेल. घरातल्यांनी वाकणं आता सोडून दिलंय.

आधी अभिनंदन. इतक्या महिन्यांत तुम्ही एका धडधाकट व्हॅनची दोन इंजिनं आणि शून्य वाहन करून दाखवलंत. आत्यांचा झोपाळा उतरवून त्याच्या कड्यांना चेनकुप्पी अडकवलीत, व्हॅनचं नाक वर उचललंत आणि जुनं इंजिन खालून काढलंत, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं. आत्या ऐंशीच्या आहेत. दुपारी त्या झोपाळ्याच्या जागी खुर्ची टाकून बसतात आणि सवयीनं पायानं रेटा देतात. खुर्ची हलत नाही. तुमचं लक्ष नाही म्हणून सांगितलं.

आता हे सगळं कशासाठी, ते लोकांनाही कळू दे. चैत्र संपल्यावर एका रविवारी आपण जोतिबाला निघालो होतो. व्हॅनमध्ये दहा माणसं, नैवेद्याचे डबे, नारळांचं पोतं आणि जाऊबाईंची ती पितळी परात, जी त्या कुठंही नेतात. घाटात व्हॅन दुसऱ्यावरून पहिल्यावर आली, पहिल्यावर रडायला लागली, क्लचचा वास सुटला. आणि तेवढ्यात दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावलेली एक एम-एटी आपल्याला मागं टाकून गेली. वर जाता जाता तो बाबा तुमच्याकडं बघून ‘चांगभलं’ म्हणाला. मनापासूनच म्हणाला असेल हो, जोतिबाच्या वाटेवर सगळेच म्हणतात. पण तुम्ही तो शब्द गुलालासारखा कपाळाला लावून घरी आणलात.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावलंत. त्यांनी प्लग काढून बघितले, कॉम्प्रेशन तपासलं आणि सरळ सांगितलं, “मधल्या सिलिंडरच्या रिंगा गेल्यात. हाफ इंजिनचं काम करून घ्या, पळंल.” मी चहा घेऊन तिथंच उभी होते. तुम्ही ‘रिंगा’ हा शब्द ऐकलाच नाहीत, ‘गेल्यात’ एवढाच ऐकलात. संध्याकाळपर्यंत ठरलंसुद्धा, की आठशेचं इंजिन म्हणजे शिलाईमशीन, आता तेराशेचं बसवायचं. जगात भारी.

त्या शिलाईमशीनबद्दल दोन शब्द बोलू द्या. ही गाडी 1984 मध्ये आली तेव्हा हिला नुसतं ‘मारुती व्हॅन’ म्हणत. ‘ओम्नी’ हे नाव 1988 चं. आपली 1998 ची, कार्ब्युरेटरवाली. आत तेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, जे मारुती आठशेत होतं. फक्त तिथं ते बॉनेटखाली आडवं बसून पुढची चाकं ओढायचं. इथं ते आपल्या सीटखाली उभं पडून मागची चाकं ढकलतं आणि उरलेल्या वेळात बसणाऱ्याला शेक देतं. या इंजिनावर देशभर शाळेची पोरं पोचली, भाजी पोचली, पेशंट पोचले. सिनेमावाल्यांनी माणसं पळवायला हीच गाडी वापरली. आपली व्हॅन मात्र त्या कामाला कुणी नेली नसती, पळवलेला माणूस घाटात उतरून चालत घरी आला असता. पण हा दोष रिंगांचा, इंजिनाच्या घराण्याचा नव्हे.

मी नववीला विज्ञान शिकवते, हे तुम्हाला पगाराच्या तारखेला आठवतं. आज हिशेबासाठी आठवा. रिकामी व्हॅन साधारण 800 किलो. दहा माणसं सरासरी साठ किलोची धरली (जाऊबाईंचा मान राखून) तर 600. झाले 1,400 किलो. बारा फुटांमागं एक फूट असा घाट धरू आणि ताशी 30 किलोमीटर वेग. हे ओझं त्या चढावर त्या वेगानं वर न्यायला लागते साडेनऊ किलोवॉट शक्ती, म्हणजे तेरा हॉर्सपॉवर. टायरांच्या घर्षणाला आणखी अडीच-तीन द्या. सोळा झाल्या. नव्या कोऱ्या व्हॅनच्या इंजिनात पस्तिसाच्या आसपास असायच्या. म्हणजे निम्म्याहून जास्त घोडे शिल्लक राहून आपण किटल्यांच्या पुढं गेलो असतो. हे गणित मी लग्नपत्रिकेच्या मागं करून तुमच्या ताटाशेजारी ठेवलं होतं. तुम्ही त्यावर चटणी घेतलीत.

मग ते नवं इंजिन आलं. नवं म्हणजे 2001 साली आलेल्या वर्सा नावाच्या गाडीतलं. अमिताभ आणि अभिषेक दोघांनी मिळून जाहिरात केली तरी जी खपली नाही, तीच ती. सोळा व्हॉल्व्ह, चार सिलिंडर, 82 हॉर्सपॉवर, असं तुम्ही आठवडाभर नातेवाइकांना फोनवर सांगत होतात, जणू मुलीला स्थळ आलंय. स्थळ बघायला मात्र फक्त तुम्ही गेलात. ते घरी आल्यावर मी ऑइलचं झाकण उघडलं, तर आत पांढरा रस्सा. ऑइलमध्ये पाणी गेलं की असंच दूध होतं, हेड गॅस्केट बोंबललेलं असतं, एवढं आता मलाही कळतं. विकणाऱ्यानं हमी दिली होती म्हणे. ती हमी तुमच्याच शब्दांत अशी होती : “पाहुणं, बिनघोर न्या.”

पुढची कथा गल्लीला तोंडपाठ आहे, पण क्रम लागावा म्हणून लिहिते. चार सिलिंडरचं इंजिन तीनच्या खळग्यात मावेना, म्हणून तुम्ही फ्लोअर कापलात. मग वरचं झाकण बसेना, म्हणून सीट तीन इंच वर उचललीत. आता त्या सीटवर मी बसले की अंबाडा छताला लागतो. गिअरबॉक्सही त्याच गाडीचा घेतल्यामुळं पाचवा गिअर मिळाला आणि दांडा सरकून माझ्या गुडघ्याजवळ आला. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून मागचा शाफ्ट कापून जोडायला उद्यमनगरात नेलात. लेथवाल्यानं काम चोख करून दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. मळ्यातल्या पंपाला ट्रॅक्टरचं इंजिन जोडणाऱ्याकडं बघावं, तसं तो तुमच्याकडं कौतुकानं बघत होता. “बॅलन्सिंग करून घ्या” एवढंच त्यानं जाता जाता सांगितलं. बॅलन्सिंग तुम्ही ‘नंतर बघू’ या रकान्यात टाकलंत. तिथं रेडिएटर, सायलेन्सर आणि आपल्या मोठ्याची शाळेची फी आधीच बसलेली आहे.

आणि पेट्रोल. कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं पोचावं लागतं, जुना पंप ते थेंब-थेंब ढकलत होता. इंजेक्शनच्या इंजिनाला ते पिचकारीसारखं दाबानं हवं, वातावरणाच्या तिप्पट दाबानं. त्यासाठी टाकीत इलेक्ट्रिक पंप हवा, परतीची नळी हवी, दाब सोसणारे पाइप हवेत. तुम्ही पंप बसवलात. पाइप जुनेच, क्लिपा माझ्या गॅसच्या नळीच्या. ही नळी जाते कुठून, तर ज्या सीटवर मी आणि मांडीवर धाकटा बसणार तिच्याखालून. तेवढा शेक पुरेसा नव्हता का?

पण माझं खरं दुखणं इंजिन नाहीच. परवा रात्री तुम्ही मला त्या फोर्ड ट्रान्झिटचा व्हिडिओ दाखवलात. 1971 साली इंग्लंडात फोर्डवाल्यांनी डिलिव्हरीच्या व्हॅनमध्ये रेसच्या जीटी-फोर्टी गाडीचं पाच लिटरचं व्ही-एट घातलं, “बघ, कंपनीसुद्धा करते!” अहो, नीट बघा की. त्यांनी व्हॅनमध्ये रेसचं इंजिन नाही घातलं. त्यांनी अख्ख्या रेसच्या गाडीवर व्हॅनचं टरफल चढवलं. चेसिस तिची, चाकं तिची, ब्रेक तिचे. तुम्ही उलटं केलंत. 82 घोडे आणलेत आणि त्यांना थांबवायला ठेवलेत तेच बारा इंची चाकांमधले जुने ब्रेक, ज्यांचे लायनर शेवटचे कधी बदलले ते आत्यांनाही आठवत नाही.

चाळीसच्या वेगानं जाणारी गाडी थांबवायला जेवढी ऊर्जा ब्रेकनं खायची, ऐंशीला त्याच्या चौपट. हे माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरालाही येतं. आपल्या व्हॅनचा एक मोठा गुण असा होता, की ती ऐंशीला पोचायच्या आधी स्वतःच विचार करायची. तो गुण तुम्ही चेनकुप्पीनं खाली उतरवून ठेवलात. आणि विसरू नका, या गाडीत आपले गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये एक पत्रा आहे. बॉनेट नाही, इंजिन नाही, काही नाही. सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा, 2019 मध्ये, कंपनीनं ही गाडी बनवणंच थांबवलं. तुम्ही त्याच वर्षी म्हणाला होतात, “चांगल्या गोष्टी टिकत नाहीत.” आता तुम्ही ते स्वतःच सिद्ध करायला घेतलंय.

कायद्याचंही बोलते, कारण तुमचा तो मित्र फाटकाशी उभा राहून “कोण बघतंय वहिनी” म्हणाला. आरसी बुकात इंजिन नंबर लिहिलेला असतो आणि पासिंगला आलेला माणूस तोच बघतो. 1998 ची गाडी, 2013 ला पासिंग, 2018 ला पासिंग, 2023 ला पासिंग. 2028 ला तुम्ही त्यांना सीट उचलून काय दाखवणार? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करायचा नाही. केरळातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागं, बरं का. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, फ्लोअर, शाफ्ट. मी वहीत पंचवीस हजार लिहून ठेवलेत आणि खाली जागा सोडलीय. गॅसवर चालवायला किट बसवणार असाल तर कायदा वाट देतो, रीतसर परवानगी घेऊन. एम-एटीनं मागं टाकलं म्हणून इंजिन बदलायला कुठलं कलम नाही, मी शोधलं.

विम्याचं तर विचारूच नका. थर्ड पार्टीचा हप्ता 1,000 सीसीपर्यंत 2,094 रुपये आणि त्यापुढं 1,500 पर्यंत 3,416, हे 2022 ला ठरलेले दर. तुम्ही हप्ता 796 चा भरताय आणि गाडी 1,298 ची. वर्षाला 1,322 रुपये वाचवलेत. उद्या कुणाला धडक बसली, तर विमा कंपनी कागद आणि इंजिन शेजारी-शेजारी ठेवून बघेल. तेव्हा वाचलेल्या त्या 1,322 रुपयांत आपण वकिलाला चहा पाजू.

खंडेनवमीला तुम्ही पान्यांची पूजा केलीत, नव्या इंजिनाला झेंडूचा हार घातलात. जुनं इंजिन तुळशीमागं माझ्या जुन्या चादरीत गुंडाळून पडलं होतं. त्यालाही आत्यांनी हळद-कुंकू लावलं. मी विचारलं तर म्हणाल्या, “तीस वर्षांत एकदाबी वाटेत टाकलं न्हाई त्यानं.” तीस नाहीत, सव्वीस-सत्तावीस झाली. आत्यांचा हिशेब असाच, प्रेमाच्या माणसाची वर्षं त्या वाढवून धरतात. तुमचंही वय त्या नेहमी दोनानं वाढवून सांगतात.

आता मुद्द्याचं. गेले चार दिवस तुम्ही त्या नव्या इंजिनाचा कंट्रोल बॉक्स शोधताय. तो ॲल्युमिनियमचा, वहीएवढा, ज्याच्याशिवाय ते इंजिन स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही मारत नाही. ज्यानं इंजिन विकलं त्याला तुम्ही फोनवर अद्वातद्वा बोललात, आपल्या मोठ्याला दोनदा विचारलंत, गटारीतही हात घातलात. त्या विकणाऱ्याची आधी माफी मागा. तुमच्या पांढऱ्या रश्श्याबद्दल तो दोषी असेल, या बाबतीत नाही.

बॉक्स माझ्याकडं आहे, कोरडा आणि सुखरूप. परत मिळायची एकच वाट आहे. मिस्त्री उद्या सकाळी दहाला येतायत, मी बोलावलंय. रिंगा आणलेल्या आहेत, क्लचप्लेटही, पैसे माझ्या भिशीतले. जुनं इंजिन ते टेबलावर उघडतील, तुम्ही पाने द्यायचे. ते जागेवर बसलं, फ्लोअरचा पत्रा शिवला गेला, लायनर बदलले आणि व्हॅन जोतिबाला दहा माणसं घेऊन चढली, की खाली उतरल्यावर बॉक्स तुमच्या हातात देईन. मग तो त्या वर्साच्या इंजिनासकट कुणाला विकायचाय त्याला विका. ऑइलचं झाकण मात्र गिऱ्हाइकासमोर उघडा.

झोपाळा आधी लावा. आजच.

आपली,
सीटवर तीन इंच उंच बसवलेली

ता. क. तांदळाचा डबा उपसू नका. तिथं होता, कालपर्यंत.