कुणाच्या बादलीत काय निघालं!

अहो, ऐकलंत का? नाही ना? मग अशा जरा जास्वंदीच्या अलीकडे या. आमचे हे आज घरीच आहेत आणि भिंतीपलीकडचं त्यांना बरोब्बर ऐकू येतं.

आमच्या चेअरमनसाहेबांची पावती फाडली हो! 5,000 रुपयांची! लिफ्टपाशी नोटीस कुणी लावली होती आठवतंय ना? 'ओला-सुका कचरा एकत्र देणाऱ्या सभासदांची गय केली जाणार नाही.' खाली ही एवढी सही. आणि पावती पहिली कुणाची, तर...

नातवाची मुंज होती ना परवा, पार्किंगमध्ये मांडव घालून. दोनेकशे पान तरी उठलं असेल. जेवण झकास हां, मठ्ठा तर काय सांगू. पण ताटं कसली? थर्माकोलची! 2018 पासून बंदी आहे म्हणे, महाराष्ट्रभर. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, ही आता मिळतात कुठे? तर दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपाशी काळ्या पिशव्यांची रांग. ताटं, खरकटं, पाण्याच्या बाटल्या, हारांचं निर्माल्य आणि वर बाळांची डायपर्स, सगळं एकात! कचरा न्यायला 'स्वच्छ' संस्थेची ताई आली, एक पिशवी उघडून बघितली आणि परत गाठ मारली. म्हणाली, "हे असं मी घेणार नाही. वेगळं करून द्या."

चेअरमनीणबाई वरून काय म्हणाल्या असतील? "अगं, तुझं कामच आहे ते!" ताई शांतपणे म्हणाली, "वेगळं करायचं काम तुमचं, न्यायचं काम माझं." अहो, ती काय आजची आहे? बाबा आढावांनी 1993 मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी केली, तेव्हा तिची आई त्यात होती. तिला कोण शिकवणार कायदा?

आणि नेमके तेव्हाच वॉर्ड ऑफिसचे साहेब राउंडला! चेअरमनसाहेब लेंग्यावरच खाली धावले. "अहो, हे केटररनं केलंय." साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मुंज केटररच्या नातवाची होती का?" वहिनी, तो चेहरा तुम्ही बघायला हवा होतात! पुढे आणखी ऐकवलं. शंभरावर माणसं जमवायची असतील, तर तीन कामाचे दिवस आधी कळवायचं असतं आणि कचरा तिथल्या तिथे वेगळा करायचा असतो. 2016 पासून नियमांतच आहे म्हणे ते. वर थर्माकोल दुसऱ्यांदा सापडलं तर 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने आत! 'आत' म्हटल्यावर चेअरमनीणबाई मटकन खुर्चीत बसल्या.

तर काय सांगत होते... हां, बादल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या, एकादशी-चतुर्थी सगळं कडक पाळणाऱ्या! सुक्या कचऱ्यात अंड्यांचा ट्रे. तोही एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. ताईनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही हो, मीच जिन्यातून बघितलं. जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

मग रविवारी अर्जंट मीटिंग. विषय जुनाच, ओला कचरा आवारात जिरवायचा का नाही. रोज 100 किलोच्या वर कचरा होत असेल, तर मोठ्या कचरेवाल्यांत गणती होते ना. सेक्रेटरी म्हणाले, "आपला नव्वदच भरतो." भरणारच! वजन करायच्या आदल्या दिवशी शहाळी आणि फणसाची चारखंडं घरातच ठेवा, असा ग्रुपवर मेसेज कुणी टाकला होता? त्यावर इन्कमटॅक्समधून रिटायर झालेले काका उठले. "वजन राहू द्या. आपला प्लॉट केवढा मोठा आहे ते बघा. तेवढं पुरतं." सेक्रेटरींचा हात पेल्याकडे गेला, पेला रिकामा!

मग नेहमीचं सुरू. वास येईल, उंदीर होतील, मेंटेनन्स वाढेल... तेवढ्यात काकांनी दुसरा बाँब टाकला. गांडूळखत केलं तर घरपट्टीत 5 टक्के सवलत मिळते, सोलरबिलर जोडीला असेल तर 10 टक्क्यांपर्यंत. वास येण्याचं बंदच झालं बघा एकदम!

पण सगळ्यांना गप्प केलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेनं. एरवी तोंड न उघडणारी पोर. कुणीतरी म्हणालं, "एवढा कसला त्रास? घंटागाडी येते, घेऊन जाते." तर ही उभी राहिली. "काका, घेऊन जाते म्हणजे कुठे जाते? माझं माहेर फुरसुंगीचं आहे." बस. पुढचं तिला फारसं सांगावंच लागलं नाही. वर्षानुवर्षं अख्ख्या पुण्याचा कचरा उरुळी-फुरसुंगीच्या डेपोवर, विहिरींचं पाणी नासलेलं, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवलेल्या. आपण मात्र तेव्हा 'कचरा का उचलत नाहीत' म्हणून ओरडत होतो! सासूबाई डोळे वटारत होत्या, पण पोरगी बसली नाही. सासरे मान खाली घालून होते. मला विचाराल तर बोलली ते शंभर टक्के खरं बोलली.

ठराव झाला एकदाचा. पिट्स मागच्या बाजूला, नारळाच्या झाडापाशी.

अहो, चाललात कुठे? तुमच्याकडे पुढच्या महिन्यात बारसं आहे ना? वॉर्ड ऑफिसला आधी कळवा, ताटं स्टीलची सांगा, खरकट्याला वेगळं पिंप ठेवा. आणि बाळाची डायपर्स कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे ताईला उघडून बघावं लागत नाही. हाताला लागतं हो तिच्या. एवढं कराच. आणि अंड्याच्या ट्रेचं मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका!