चौकटची तिर्री

दिवा-सावंतवाडी गाडीत खिडकी मिळाली की प्रवास सुखाचा होतो, हा माझा समज खेडपर्यंत टिकला. तिथं समोरच्या काकांनी विचारलं, "मेंढीकोट येता?"

"लहानपणी खेळायचो," मी म्हणालो. कोकणात याला होकार समजतात.

माझी बॅग चौघांच्या गुडघ्यांवर आडवी झाली, वर काकांचा पंचा पसरला. भिडू एरवी समोरासमोर बसतात, गाडीत तिरके. काका माझे भिडू. विरुद्ध बाजूला एक आजी आणि त्यांचा चौथीतला नातू. सोपं गिऱ्हाईक, मी मनात म्हटलं.

"इतर खेळांत हात मोजतत, हयसर मेंढी," काका पिसता पिसता म्हणाले. मेंढी म्हणजे दश्शी. प्रत्येकी तेरा पानं. चारपैकी तीन दश्श्या ज्यांच्याकडे, डाव त्यांचा. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे सात हात ते जिंकले. चारही एकीकडे गेल्या की मेंढीकोट. आणि तेराच्या तेरा हात गेले तर बावन्नी. ती खाल्लेल्याचं नाव गावात नातवंडांपर्यंत निघतं म्हणे.

हुकूम आधी ठरत नाही. उतारीचा रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, तो जे पान टाकेल त्या रंगाचा हुकूम. इथवर मला सगळं कळलं होतं.

घोटाळा पत्त्यांच्या कॅटमध्ये होता. चौकटची तिर्री हरवलेली. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा. पुढून बॉलपेननं काढलेली तिर्री, मागून ठळक 'चि. सौ. कां.' ती आली माझ्याकडे. म्हणजे माझं एक पान साऱ्या डब्याला पाठमोरंही ओळखू येत होतं. कधी एकदा हे लग्न लावून टाकतो, असं मला झालं.

नातवानं किल्वरची राणी उतरली. माझ्याकडे किल्वर नव्हतं. मी आनंदानं चि. सौ. कां. टाकली.

"चौकट हुकूम!" नातू ओरडला. हात माझा झाला. तिर्रीनं राणी मारली, म्हणून मी काकांकडे कौतुकासाठी पाहिलं. काकांनी डोळे मिटले होते. त्यांच्याकडे एकही चौकट नव्हती, माझी एकमेव चौकट नुकतीच सासरी गेली होती. आजींनी मात्र पदर खोचला.

"लांब रंगाचो हुकूम करूचो, मेल्या," काका पुटपुटले.

उक्शी सुटलं आणि करबुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटर. डब्यातला एकच दिवा जेमतेम जळत होता. बदामचा एक्का पडून गेलेला, म्हणून काकांनी बदामचा राजा उतरला. नातवानं सत्ती दिली. भिडूचा राजा, हात आपलाच. मी बिनधास्त बदामची दश्शी घातली. आजींनी हळूच चौकटची पंजी ठेवली आणि मेंढी उचलली.

बोगद्यातून उजेडात आलो तेव्हा आजींच्या मांडीखाली चार मेंढ्या होत्या. काका काही बोलले नाहीत. हरणाऱ्यानं पिसायचं असतं, म्हणून त्यांनी कॅट माझ्यापुढे सरकवला. नातू म्हणाला, "काका, नीट पिसा हां. मघाशी पण तुम्हीच हरलात."

रत्नागिरीला मी सगळ्यांसाठी वडे आणायला उतरलो. परत आलो तर माझ्या जागेवर टोपीवाले एक गृहस्थ पानं लावत होते. काकांनी सरकून मला मधे घेतलं, बॅगेचा कोपरा माझ्या गुडघ्यावर टेकवला आणि वडा उचलत म्हणाले, "हालू नको. पानां सांडतत."