दोन राजधान्यांमधलं नांदेड

नांदेडला दोन राजधान्या आहेत. सरकारी कागदावरची मुंबई, आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत होती ती हैदराबाद. विमानाच्या सरळ रेषेत मोजलं तर मुंबई साधारण पावणेपाचशे किलोमीटर, हैदराबाद जेमतेम अडीचशे. म्हणूनच दुखणं बळावलं की नांदेडचा माणूस आजही जुन्या राजधानीची वाट धरतो.

परवा हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनच्या फलाटावर असंच एक जोडपं भेटलं. बाईंच्या मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा. वाकू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी उभा धरला होता. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. गाडीत पाचेक तास बसायचं. मी विमानाचं विचारलं, तर नवरा म्हणाला, "ते कधी चालू आसतंय, कधी बंद, कळतच नाही बघा."

27 एप्रिल 2017 ला पंतप्रधानांनी सिमल्यात लहान शहरांना विमानानं जोडणारी उडान योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या तीन मार्गांत नांदेड–हैदराबाद होता. प्रवास तासाभराचा, निम्म्या जागांना भाड्याची मर्यादा अडीच हजारांच्या आसपास. हा मार्ग चालवणारी कंपनी 2022 मध्ये बंद पडली.

हे एकट्या नांदेडचं दुखणं नाही. कॅगचा 2023 चा अहवाल काढून बघा. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत 774 मार्ग वाटले, त्यांतले 371 सुरू झाले. तीन वर्षं पुरी केली ती 112 मार्गांनी, आणि त्यापुढे मार्च 2023 पर्यंत टिकले फक्त 54. तोटा भरून द्यायची सरकारी मुदत तीन वर्षांची. एवढ्यात मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, हा हिशेब चुकला आहे. हे मान्य करा.

विमानाच्या तासाचं कौतुकही आवरा. नांदेड हैदराबादच्या वायव्येला, विमानतळ शहराच्या दक्षिणेला शमशाबादला. गावाकडे जायला आधी उलटं वीसपंचवीस किलोमीटर जायचं, वर विमानाच्या वेळेआधी तासभर पोचायचं. एवढं करूनही आजारी माणसासाठी विमान हवंच. पण ते नेमानं यायला हवं.

महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही सरकारांनी मिळून या मार्गाचा तोटा उचलावा. तीन वर्षं नव्हे, दहा वर्षं. वेळापत्रक रुग्णाकडे बघून लावावं: सकाळी नांदेडहून, संध्याकाळी हैदराबादहून. तपासणी उरकून माणूस रात्री स्वतःच्या घरी जेवेल.

गाडी लागली तशी गर्दी दाराशी लोटली. नवऱ्यानं पिशव्या उचलल्या. बाईंनी लिफाफा डोक्याच्या वर धरला आणि तशाच त्या डब्यात शिरल्या.