ज्वालामुखीच्या कुशीत, एसीसह

भिवंडी तालुक्यात, वज्रेश्वरीजवळ तानसेकाठी, 'निसर्गस्नेही' फार्महाऊसवाल्यांचं आता नुसत्या निसर्गावर भागत नाही. पाहुण्यांना ज्वालामुखीही हवा. अकलोली-गणेशपुरीची गरम कुंडं आणि गंधकाचा वास एवढं भांडवल बास! गावची जुनी कथा तरी बरी: देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त तापलंय म्हणे. इथला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. पाणी तापतं ते जमिनीत खोल मुरून, भेगांतून वर येतं म्हणून. देशातला जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानात, बॅरन बेटावर. इकडे बांबूच्या झोपडीत एसी, शेणानं सारवलेल्या भिंतीवर गीझर, आणि कुंड हाकेच्या अंतरावर! धुराचा लोट बघायचाच असेल तर लाईट जाईपर्यंत थांबा. मागे डिझेलचा जनरेटर आहे.